पूल पडण्याआधीचा अर्धा तास

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि त्यांच्या मागेपुढे असलेली काही खासगी वाहने पुरात गेली. त्या काळोखात मुंबई-गोवा महामार्गावरची वाहने आधी अडवली ती पुलाजवळच्या गॅरेजमधल्या माणसांनी. पुलाच्या तुटक्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसाला अधिकाराचा कागद कोणी विचारत नाही. कागद लागतो तो पूल उभा असताना. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या पुलाची तपासणी होऊन तो सुरक्षित ठरवला गेला होता, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. आता समजा, संध्याकाळी नदीचे पाणी पाहून एखाद्या हवालदाराला शंका आली असती, तर अभियंत्यांनी सुरक्षित ठरवलेला राष्ट्रीय महामार्गावरचा पूल त्याने कोणाच्या जोरावर बंद केला असता?

हा प्रश्न घेऊन कायद्याची पुस्तके उघडली की अधिकारांचा तुटवडा दिसत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या, पुलाच्या स्थितीमुळे वाहतूक बंद करता येते किंवा तिच्यावर निर्बंध घालता येतात. हा अधिकार राज्य शासनाचा, किंवा शासनाने अधिकृत केलेल्या प्राधिकाऱ्याचा. महाराष्ट्रात तो शहरात पोलीस आयुक्तालय आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी वापरतात. पावसाळ्याच्या तोंडावर वरंधा घाटात अवजड वाहनांना मनाई होते, किंवा २०२४ च्या जानेवारीत काँक्रिटीकरणासाठी करूळ घाट बंद झाला, ते अशाच आदेशांनी. अशा आदेशात पर्यायी मार्गांची नावे असतात, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाला सवलत असते, तारखा असतात. निर्बंध महिनाभराहून अधिक काळाचा नसेल तर राजपत्राची अटही नाही. परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी पुरते.

दुसरा अधिकार आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ चा. त्याच्या कलम ३४ ने जिल्हा प्राधिकरणाला आपत्तीग्रस्त भागाकडे जाणारी, तिथून येणारी आणि त्या भागातली वाहतूक रोखण्याचे अधिकार दिले आहेत. या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि पोलीस अधीक्षक पदसिद्ध सदस्य. राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या २००२ च्या कायद्याने महामार्ग प्रशासनालाही रस्ता तात्पुरता बंद करण्याची मुभा दिली आहे.

म्हणजे मोठे दरवाजे सगळे वरच्या मजल्यावर. रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाच्या हाती काय उरते? उरते ते महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मधल्या कर्तव्यांच्या यादीत. कलम ६६ सांगते की अपघात आणि लोकांवर येणारा धोका टाळण्यासाठी पोलिसाने पराकाष्ठा करावी. कलम ६७ वाहतुकीचे नियमन त्याच्याकडे देते. कलम ६८ नुसार हे कर्तव्य बजावताना त्याने दिलेले वाजवी आदेश पाळणे सर्वांवर बंधनकारक आहे. माझ्या मते ही तीन कलमे एकत्र वाचली की धोक्याच्या क्षणी रस्ता अडवण्याइतका अधिकार अगदी शिपायालाही आहे. पण तो अधिकार कर्तव्याच्या पोटात दडलेला आहे. ‘महामार्ग बंद करता येईल’ असे स्पष्ट शब्द तिथे नाहीत, आणि ‘वाजवी’ काय हे नंतर, कोरड्या खोलीत बसून ठरवले जाते. मग ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ हे उत्तर येते. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. पूल पडला नाही तर आठ तास वाहतूक खोळंबवल्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

त्यातून बंद करणे हे निम्मेच काम. वाहने पाठवायची कुठे, हा उरलेला आणि अधिक अवघड भाग. तो कोल्हापूरने सगळ्यांत चांगला शिकवला.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूरु महामार्गावर आले आणि रस्ता जवळपास आठवडाभर बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. नकाशा पाहिला तर अडचण लगेच कळते. महामार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो आणि कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा या नद्या त्याला एकामागून एक आडव्या येतात. शिरोलीला अडवलेला ट्रक सांगलीकडून काढावा, तर तिथे कृष्णा पसरलेली. कोकणातून वळवावा, तर आंबा, फोंडा, आंबोली हे घाट पावसाळ्यात स्वतःच दरडींच्या धाकात. सीमेपलीकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा रस्त्यावर येते, आणि तिथला निर्णय कर्नाटकच्या पोलिसांचा. चाळीस टनांच्या कंटेनरला सोयीचा वळसा सोलापूर-विजयपूरकडून, आणि त्यासाठी चालकाला ही बातमी पुण्यातच कळायला हवी. शिरोलीत कळून उपयोग नाही. तोवर मागे किणी टोलनाक्यापर्यंत रांग लागलेली असते, आणि त्या रांगेत दुधाचे, इंधनाचे आणि ऑक्सिजनचे टँकरही अडकतात. रांगेतल्या चालकांना जेवण, पाणी, शौचालय यांची सोय करण्याची जबाबदारी कोणाची, हे बंदीच्या आदेशांत सहसा दिसत नाही. गावकऱ्यांनी आपल्या घरचे जेवण नेऊन दिले म्हणून ती माणसे निभावली.

म्हणून पुराच्या वेळी कोल्हापूरचा महामार्ग खऱ्या अर्थाने बंद करायचा तो कराडला आणि साताऱ्याला. इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे आणि तिचा पुरेसा उपयोग होत नाही असे मला वाटते. पुणे ग्रामीण, सातारा, सांगली, सोलापूर ग्रामीण आणि कोल्हापूर ही पोलीस दले एकाच कोल्हापूर परिक्षेत्रात, एका विशेष पोलीस महानिरीक्षकांच्या हाताखाली येतात. हेच पाच जिल्हे पुणे महसूल विभागात आहेत. पाच जिल्हाधिकाऱ्यांचे पाच आदेश निघण्याऐवजी एकच आदेश पुण्यापासून कागलपर्यंत लागू करायला यंत्रणा जागेवरच आहे.

पुराला निदान वेळ असतो. टँकरला तोही नसतो. १३ जून २०२३ ला पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ रसायनाच्या टँकरला आग लागली आणि चौघांचा जीव गेला. २० डिसेंबर २०२४ ला जयपूर-अजमेर महामार्गावर गॅसच्या टँकरला धडक बसली. गळालेला वायू पेटला आणि आजूबाजूच्या वाहनांतली माणसे होरपळली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, उताराकडे जमिनीलगत पसरतो आणि एखाद्या इंजिनच्या ठिणगीची वाट पाहतो. आगीत सापडलेल्या गॅस टँकरभोवती चारही बाजूंना १,६०० मीटर मोकळे करावेत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. बोरघाटात दीड किलोमीटर म्हणजे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग, दोन्ही. अशा वेळी नियंत्रण कक्षाकडे परवानगी मागण्यात गेलेली दहा मिनिटे भरून निघत नाहीत. टँकरच्या पाठीमागच्या फलकावर पदार्थाचा संयुक्त राष्ट्रसंघाचा क्रमांक असतो, गॅससाठी १०७५. तो दुरून वाचून अंतर ठरवण्याचे प्रशिक्षण महामार्गावरच्या प्रत्येक मदत केंद्रातल्या अंमलदाराला मिळायला हवे. मिळालेले असेल तर तो न विचारता रस्ता अडवू शकेल, आणि नंतर त्याच्या निर्णयाचे कारणही सांगू शकेल.

मागणी फार मोठी नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्याच आकड्यांना वाहतुकीचे आदेश जोडून ते मे महिन्यातच सही करून ठेवता येतील: ३९ फुटांना पुण्यात आणि साताऱ्यात चालकांना सूचना, ४३ फुटांना अवजड वाहने कराडला थांबवणे, आणि निपाणीच्या पोलिसांना त्याच मिनिटाला निरोप. घाटातल्या आणि नदीवरच्या प्रत्येक जुन्या पुलावर पातळीची पट्टी रंगवावी. पाणी अमुक रेषेला टेकले की तिथे हजर असलेला पोलीस, त्याचा हुद्दा कोणताही असो, पूल बंद करील आणि जिल्हाधिकारी दोन तासांत तो निर्णय कायम करतील किंवा उठवतील, असा लेखी नियम जिल्हा प्राधिकरणाने करावा. त्या नियमाची एक प्रत जवळच्या ठाण्यात, एक गावच्या पोलीस पाटलाकडे असावी, आणि पुलाशेजारच्या गॅरेजवाल्याला आणि चहाच्या टपरीवाल्याला नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक दिलेला असावा.