नाव कोरले जाणे : दृश्यकलावंतांच्या जीवनगौरवाविषयी

कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूस एका भव्य मूर्तीचे भग्न मस्तक शिल्लक असून त्याजवळ ब्राह्मी लिपीतील एक छोटा लेख आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे घडविले, एवढाच त्याचा आशय. अंतेवासी म्हणजे गुरूच्या सान्निध्यात राहून विद्या संपादन करणारा शिष्य. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका शिल्पकाराने आपले नाव दगडात कोरले आणि त्याआधी गुरूचे कोरले. निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत या लेखाचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये.

असे लेख विरळा असले तरी एकाकी नाहीत. पितळखोरा येथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराने आपण ती घडविल्याची नोंद केली आहे. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वेणुवासाचा पुत्र सामी या सुताराचे नाव आढळते. कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेखात खर्च करणाऱ्या व्यापारी बंधूंबरोबर काम करवून घेणाऱ्यांची व दगड घडविणाऱ्यांची नोंद आहे, आणि त्याच डोंगरातील इतर लेखांत आपल्या कल्याणचे रहिवासी दाते म्हणून वारंवार भेटतात. पुढे मात्र चित्र पालटते. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांत मंत्री, मांडलिक राजा, भिक्षू अशा दात्यांचे विस्तृत लेख आहेत. ज्यांनी त्या भिंती रंगविल्या त्यांपैकी एकाचेही नाव आपल्या हाती नाही. कारागिराची जात समाजाने खालच्या पायरीवर नेऊन ठेवली तसे त्याचे नाव पुसट होत गेले, असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे मत आहे. त्यावर वाद होऊ शकतो. अजिंठ्याच्या भिंतींवर नाव नाही, यावर मात्र वाद होऊ शकत नाही.

वृत्तपत्रांत आज ज्याला ‘जीवनगौरव पुरस्कार’ म्हणतात त्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि धनादेश या चार वस्तूंमुळे सर्व पुरस्कार सारखेच दिसतात, परंतु त्यांत एक मूलभूत भेद आहे. प्रदर्शनातील पारितोषिक एका कलाकृतीला मिळते. परीक्षकांसमोर ते चित्र वा शिल्प प्रत्यक्ष उभे असते. जीवनगौरवात परीक्षकांसमोर कलाकृती नसते, चाळीस-पन्नास वर्षांची वाटचाल असते. कलावंताने स्वतःची दृश्यभाषा निर्माण केली का, पुढील पिढीने तिच्यापासून काही घेतले का, बाजाराची हवा बदलली तरी तो आपल्या कामाशी टिकून राहिला का, असे प्रश्न तेथे विचारले जातात. समकालीन कलेच्या बाबतीत ही परीक्षा अधिक अवघड असते, कारण काळाची चाळणी अजून लागलेली नसते.

आपल्याकडे या कामाच्या संस्था जुन्या आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली; तिचा ‘रूपधर’ पुरस्कार ज्येष्ठ कलावंतांसाठी आहे. १९५४ मध्ये दिल्लीत ललित कला अकादमी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिने आपले पहिले अधिछात्र म्हणून बंगालचे चित्रकार जामिनी राय यांची निवड केली. व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात जीवनगौरवासाठी सुवर्णसिंह दिला जातो. २०२४ मध्ये तो आना मारिया माइओलिनो आणि निल याल्टर या दोन वयोवृद्ध स्त्री-कलावंतांना मिळाला. महाराष्ट्र शासनाचा कलाक्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार वासुदेव गायतोंडे यांच्या नावाने दिला जातो.

गायतोंडे यांच्या नावाशी थोडे थांबावे लागेल. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेला आणि गिरगावच्या चाळीत वाढलेला हा चित्रकार पुढे दिल्लीत एका छोट्या जागेत जवळजवळ एकांतवासात राहिला, मोजकीच चित्रे काढत राहिला आणि २००१ मध्ये निवर्तला. १९७१ ची पद्मश्री त्यांना हयातीत मिळाली हे खरे. पण न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले ते २०१४ मध्ये, आणि मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींहून अधिक किंमत आली ती २०१३ मध्ये. लिलावातील रक्कम चित्र विकणाऱ्याला मिळते, चित्र काढणाऱ्याला नव्हे. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस झाल्यास कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्यातील हिस्सा, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत, मिळावा असे ते सांगते. कलम पुस्तकात आहे, व्यवहारात फारसे दिसत नाही. गायकाची ध्वनिमुद्रिका घराघरांत वाजते, लेखकाच्या आवृत्त्या निघतात; चित्र मात्र एकदा विकले गेले की एका बंद दाराआड जाते. म्हणून दृश्यकलावंताला मानपत्राहूनही अधिक गरज असते ती त्याचे काम पुन्हा एकत्र दिसण्याची.

ठाण्यातील ज्येष्ठ चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या बाबतीत ते घडले. १९४९ मध्ये पुण्यात जन्म, तेथेच वैद्यकीय शिक्षण आणि १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी कोणत्याही महाविद्यालयात घेतले नाही. दिवसा माणसांच्या शरीराच्या आतले पाहणाऱ्या या डॉक्टरांनी चित्रांत रेल्वेच्या पुलावरून उतरणारे कामगार, इराणी हॉटेलात एकटा बसलेला माणूस, नाल्याकाठची वस्ती, अर्धवट बांधलेल्या इमारती रंगविल्या. ‘पोखरण’, ‘उल्हासनगर’, ‘लोअर परळ’ ही त्यांच्या चित्रांची नावे आहेत. जे आपण रोज लोकलच्या खिडकीतून पाहतो आणि विसरतो ते त्या कॅनव्हासवर स्थिर झाले आहे. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या गाजलेल्या समूहप्रदर्शनात भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख, नलिनी मलानी यांच्याबरोबर तेही होते. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. असे प्रदर्शन म्हणजे निरनिराळ्या मालकांकडून चित्रे काही महिन्यांपुरती मागून आणणे, त्यांचा काळ निश्चित करणे, पहिल्या दशकातील चित्र अलीकडील चित्रासमोर टांगणे. माझ्या दृष्टीने हाच खरा जीवनगौरव. तेथे भाषणे ऐकावी लागत नाहीत.

त्यांच्या आणखी एका कामाचा उल्लेख केला पाहिजे. २००८-०९ च्या सुमारास त्यांनी समकालीन भारतीय चित्रांचे एक प्रदर्शन संयोजित केले आणि ते महाराष्ट्रातील अनेक शहरांत फिरविले. मूळ चित्र पाहायला मुंबईलाच यावे लागते, ही आपल्या विद्यार्थ्यांची जुनी अडचण. सन्मान मिळण्याच्या वयात एका कलावंताने दुसऱ्यांची चित्रे खांद्यावर घेऊन गावोगाव जावे, याचे मोल मोठे आहे.

कल्याणचे सुपुत्र सदाशिव उर्फ भाऊ साठे यांची शिल्पे तर आपण नाव न जाणताच पाहत आलो आहोत. गेटवे ऑफ इंडियासमोरील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा; २६ जानेवारी १९६१ रोजी त्याचे अनावरण झाले. दिल्लीच्या चांदणी चौकातील टाउन हॉलसमोरचा गांधीजींचा पुतळाही त्यांचाच. डोंबिवलीत त्यांचे ‘शिल्पालय’ आहे. २०२१ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले.

आता जिव्या सोमा म्हशे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे हे वारली चित्रकार. तो तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे. ते हाती घेऊन, विधीच्या बाहेर, रोजच्या रोज चित्र काढणारा हा पुरुष समाजाच्या दृष्टीने विचित्रच होता. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी यांनी त्यांना कागद दिला आणि कुडाच्या भिंतीवरील चित्र जगात गेले. १९७६ मध्ये आदिवासी कलेसाठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसियां द ला तेर’ प्रदर्शनात सहभाग, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचे प्रदर्शन झाले. तेथे दोघेही समकालीन कलावंत होते. आपल्याकडे एकाला ‘समकालीन’ आणि दुसऱ्याला ‘आदिवासी’ किंवा ‘लोककलाकार’ म्हणण्याची पद्धत आहे. दोघे एकाच वर्षी, एकाच भिंतीवर काम दाखवतात, तर ही विभागणी काळावरून होत नाही हे उघड आहे. ती माणूस कोणत्या वस्तीतून आला यावरून होते. पुरस्कारांच्या नियमावलीत रकाने आखणाऱ्यांनी याचा विचार करावयास हवा.

दोष केवळ नियमावलीचा मात्र नाही. संसद भवनाच्या आवारातील बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले, हे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. उंचावलेला उजवा हात आणि दुसऱ्या हाताशी संविधान ही मुद्रा आज गावोगावच्या पुतळ्यांत आढळते. संसदेतील तो पुतळा घडविणारे शिल्पकार ब्रह्मेश वाघ. हे नाव आपल्या जयंतीच्या किती भाषणांत घेतले जाते? वर्गात मी हा प्रश्न दरवर्षी विचारतो. अनावरण करणाऱ्याचे नाव मुलांना येते.

उशीर हाही एक विषय आहे. महाराष्ट्र भूषण पुरस्कार १९९६ पासून दिला जातो. लेखक, गायक, वैज्ञानिक, खेळाडू, समाजसेवक सर्व झाले. धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांना २०२४ चा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली होती.

पालक व माजी विद्यार्थी यांच्या उपयोगाची एक माहिती येथे देतो. पद्म पुरस्कारांसाठी कोणताही नागरिक दुसऱ्याचे नाव सुचवू शकतो. त्यासाठी आमदाराची किंवा संस्थेची चिठ्ठी लागत नाही. केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज भरावयाचा आणि कार्याचे वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहावयाचे. हा सन्मान सामान्यतः मरणोत्तर दिला जात नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी आपल्या मुलांचा हात घडविणारे कलाशिक्षक, जलसे आणि मोर्चे यांचे फलक रंगविता रंगविता स्वतःची शैली सापडलेले चित्रकार आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांच्याविषयी ते ८०० शब्द लिहायला बसले की अडचण लक्षात येते. कोणते चित्र कोणत्या साली काढले, कोठे लागले, आता कोणाकडे आहे, याची नोंद नसते. छायाचित्रे, प्रदर्शनांच्या निमंत्रणपत्रिका, वृत्तपत्रातील कात्रणे बहुधा एखाद्या पत्र्याच्या पेटीत असतात. ती पेटी कलावंत समोर बसून सांगू शकतो तोवरच उघडावी आणि प्रत्येक छायाचित्रामागे पेन्सिलीने साल लिहून घ्यावे.