जळतंय ते नक्की काय?

ठाणे-बेलापूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्यांना हे चित्र पाठ असेल. सिग्नलला आपली बस थांबते आणि शेजारी येऊन उभा राहतो एक टँकर. मागे शंकरपाळ्याच्या आकाराची पाटी. पाटीवर एक हात, हातावर पडणारा थेंब आणि खाल्ली गेलेली कातडी. अ‍ॅसिड म्हटलं की डोळ्यांसमोर हेच येतं. म्हणून 'अ‍ॅसिडिटी झालीये यार' असं कुणी म्हटलं, की आपण गृहीतच धरतो... पोटातलं अ‍ॅसिड वर उसळलं, अन्ननलिकेवर पडलं आणि तिथं चटका बसला. सिंपल!

महाप्याच्या आमच्या ऑफिसात तर हा राष्ट्रीय आजार आहे. प्रत्येक ड्रॉवरमध्ये हेडफोन, चार्जर आणि जेल्युसिलची पट्टी हमखास. रात्री दोनच्या ब्रेकमध्ये चहाच्या मशीनपाशी 'तुझ्याकडे आहे का?' असं कुणी विचारलं, तर ते सिगरेटबद्दल विचारतायत की गोळीबद्दल, हे चेहरा बघून ओळखायचं. महिनाभर मी या विषयावर मिळेल ते वाचत होते. आणि त्यात कळलं, की टँकरवरचं ते चित्र आपल्या छातीला लागू पडतंच असं नाही.

आधी थोडं शाळेतलं. टँकरमध्ये बऱ्याचदा असतं ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आपल्या जठरातही असतंच. जठरात रोज साधारण दीड ते दोन लिटर पाचकरस तयार होतो आणि रिकाम्या पोटी त्याचा पीएच 1 ते 2 च्या घरात असतो. जठराला त्याचं काही वाटत नाही, कारण आतून चिकट श्लेष्म्याचा जाड लेप असतो. अन्ननलिकेकडे हा लेप जवळपास नाहीच. 25 सेंटीमीटरच्या आसपासची ही नळी, तिचं अस्तर गालाच्या आतल्या बाजूसारखं, सपाट पेशींचे थरावर थर. घास खाली घसरायला एकदम मस्त. अ‍ॅसिड झेलायला मात्र बेताचंच.

दोघांच्या मध्ये स्नायूंचं एक कडं असतं. गिळताना ते उघडतं, आणि अधूनमधून कारण नसतानाही सैल पडतं. ढेकर येते ती त्यातूनच, आणि तिच्याबरोबर थोडं अ‍ॅसिडही वर येतं. हे तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच बाबतीत होतं. त्यामुळे डॉक्टर 'येतं का?' यापेक्षा 'किती वेळ राहतं?' हे मोजतात. नाकातून बारीक वायर घालून 24 तास नोंद ठेवायची. त्यातला 4 टक्क्यांपर्यंतचा वेळ, म्हणजे जेमतेम तासभर, पीएच 4 च्या खाली गेला तर नॉर्मल. 6 टक्क्यांच्या वर, म्हणजे साधारण 86 मिनिटांपेक्षा जास्त, तर गडबड आहे. 2018 मध्ये जाहीर झालेल्या 'लिऑन कन्सेन्सस'ने घालून दिलेली ही रेघ.

आता मुद्द्याचं. ही मिनिटं वाढली की अस्तराचं काय होतं?

पहिली गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात. अ‍ॅसिड वारंवार लागत राहिलं की त्यांच्यातल्या फटी रुंदावतात. विटा शाबूत, पण मधलं सिमेंट निघालेलं, असं समजा. त्या फटींतून अ‍ॅसिड खाली मज्जातंतूंपर्यंत झिरपतं. त्या तंतूंवर एक 'घंटी' आहे, टीआरपीव्ही1 नावाची. उष्णतेनं, अ‍ॅसिडनं आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननंही तीच वाजते. झणझणीत मिसळ आणि अ‍ॅसिडिटी दोन्हींसाठी आपण 'आग होतेय' म्हणतो ते उगाच नाही!

आता दुसरी गोष्ट. मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली ती हीच. 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅशर विंकेलस्टाइन यांनी पोटातल्या रसामुळे अन्ननलिकेला सूज येते, असं मांडलं. तेव्हापासून पुस्तकांत एकच चित्र रुजलं, अ‍ॅसिड वरून पडतं आणि अस्तर वरून खाली जळत जातं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या डलासमध्ये रोंडा सूझा आणि स्टुअर्ट स्पेक्लर यांच्या टीमने उंदरांवर हे तपासलं. ऑपरेशन करून उंदरांना रिफ्लक्स दिला. भाजलं असेल तर जखम सगळ्यात वर आणि लगेच दिसायला हवी, नाही का? झालं उलटंच. तिसऱ्या दिवशी लिम्फोसाइट, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी, अस्तराच्या तळाशी जमलेल्या. वरच्या पृष्ठभागावर जखमा दिसायला चौथा आठवडा उजाडला.

2016 मध्ये त्याच गटाने माणसांवरचा छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. औषधांनी अन्ननलिका पूर्ण बरी झालेले 12 रुग्ण. त्यांच्या गोळ्या थांबवल्या आणि एक-दोन आठवड्यांनी अस्तराचे तुकडे काढून पाहिले. जिथं वरचा थर शाबूत होता, तिथंही आत टी-लिम्फोसाइट गोळा झालेल्या. म्हणजे अ‍ॅसिड स्वतः जाळण्याआधी अस्तराच्या पेशींना डिवचतं, त्या रासायनिक सांगावे धाडतात, आणि धावून आलेली आपलीच फौज आतून तोडफोड करते. बारा रुग्ण म्हणजे फार नव्हेत, आणि सगळ्याच तज्ज्ञांनी यावर शिक्का मारलाय असंही नाही. पण शंकरपाळ्यावरचं चित्र डोक्यातून काढायला एवढं पुरे.

याचा तुमच्या ड्रॉवरमधल्या पट्टीशी काय संबंध? थेट आहे. जळजळ किती, यावरून आत नुकसान किती हे कळत नाही. छातीत रोज आग होणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांची अन्ननलिका एंडोस्कोपीत चकाचक दिसते. उलट काहींचं अस्तर वर्षानुवर्षं झिजून आतड्यासारख्या वेगळ्याच पेशींचं होऊन बसतं. त्याला 'बॅरेट' म्हणतात. या नव्या अस्तराला अ‍ॅसिड कमी जाणवतं, त्यामुळे त्रास कमी झाल्यासारखा वाटतो. त्यातल्या फार थोड्यांनाच पुढे कॅन्सर होतो, पण होतो.

आपल्या भाषेनेही घोळ वाढवलाय. आंबट ढेकर आली तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच! आणि सगळ्यांवर आजीचं कोकम. अंगावरच्या पित्ताला ते लावत असतील तर लावोत, पण छातीत जळत असताना वरून आंबट सरबत पिण्यात काय पॉइंट आहे, मला कळलेलं नाही.

हा आजार मूठभरांचाही नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत, जिचं नेतृत्व मुंबईच्या डॉ. शोभना भाटिया यांनी केलं, 3,224 लोकांपैकी 7.6 टक्क्यांना आठवड्यातून एकदा तरी हा त्रास होता.

गोळ्यांचंही बघून घ्या. जेल्युसिल-डायजिन झालेलं अ‍ॅसिड मारतात, तासाभराचं काम. पॅन्टोप्रॅझोल जातीच्या गोळ्या अ‍ॅसिडचे पंपच बंद करतात, म्हणून त्या खाण्याआधी अर्धा तास घ्यायच्या, भजी खाऊन झाल्यावर नाही. त्यांनी अस्तर खरंच भरून येतं, पण त्याला चार ते आठ आठवडे लागतात. कडं मात्र सैल ते सैलच. काही महिने रोज घेऊन एकदम बंद केल्या तर अ‍ॅसिड काही काळ जास्तच उसळतं. म्हणून केमिस्टला विचारून नाही, डॉक्टरांना विचारूनच सुरू आणि बंद. घास अडकतोय, वजन उतरतंय, उलटीत रक्त किंवा शी काळी... मग गोळी शोधत बसायचं नाही, तडक डॉक्टर. आणि छातीतली कळ हातात-जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ती अ‍ॅसिडिटी समजूच नका, आधी ईसीजी.

राहिली आपली नाइट शिफ्ट. जागेपणी आपण सतत थुंकी गिळत असतो आणि ती अन्ननलिका धुऊन काढते. झोपेत थुंकी कमी, गिळणं कमी, आणि आडवं पडल्यावर उतारही नाही. वर आलेलं अ‍ॅसिड तिथंच मुक्काम ठोकतं. 86 मिनिटं अशीच भरतात. पहाटे कॅबने घणसोलीला उतरायचं, गाडीवरचा अंडा-भुर्जी-पाव हाणायचा आणि पडद्यामागे गुडूप व्हायचं, हे रूटीन त्यासाठी परफेक्ट आहे. जेवण शिफ्टमध्येच उरकता आलं, झोपेच्या दोन-तीन तास आधी, तर फरक पडतो. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ इंच उचलली तरी पडतो. घरमालक विचारेल, सांगा खुशाल. आणि झोपा डाव्या कुशीवर. त्या बाजूला जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं आणि वर आलेलं अ‍ॅसिड लवकर परत जातं, हे 2022 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. आपल्याकडे याला शब्द आहे, वामकुक्षी. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. पुणेकर ती दुपारी एक ते चार घेतात म्हणे. आपण सकाळी सात ते दोन घेऊ.