लोणार हे सरोवरच का?

सरोवर ओळखायचं ते आकारावरून किंवा पाण्याच्या चवीवरून नव्हे, तर पाणी कशामुळे अडतं आणि कसं बाहेर पडतं यावरून. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार बघा. अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. झरे आणि पाऊस पाणी आणतात, पण बाहेर वाहणारा एकही ओढा नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. जून २०२० मध्ये पातळी घटली, खारेपणा वाढला आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांनी अख्खं पाणी गुलाबी करून टाकलं! नदीत हे घडणं कठीण, ती सगळं पुढे वाहून नेते.

कुणी म्हणेल, खारं पाणी म्हणजे समुद्रच की. पण कॅस्पियन समुद्र महासागराला जोडलेला नाही, म्हणून मी त्यालाही सरोवरच म्हणेन. आणि कोयनेचा शिवसागर? तिथे पाणी धरणाच्या भिंतीने अडवलंय आणि ते किती सोडायचं हे माणसं ठरवतात. तो जलाशय.