'अशोक' : नावाचा अर्थ आणि एका राजाची कबुली

बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात सांगितले जाणारे नाव हा घराने दिलेला पहिला आशीर्वाद मानला जातो. 'अशोक' हे असेच एक नाव. आज ते बहुधा आजोबांच्या पिढीत ऐकू येते. काश्मीरपासून केरळपर्यंत आणि गुजरातपासून बंगालपर्यंत ते सर्वत्र परिचित आहे. नावाचा अर्थ सोपा, पण त्यामागचा इतिहास तितका सोपा नाही.

संस्कृतात 'शोक' या शब्दाच्या मागे नकारार्थी 'अ' जोडून हा शब्द सिद्ध होतो. ज्याला शोक नाही, तो अशोक. 'शोक' हा शब्द 'शुच्' या धातूपासून आला आहे. या धातूला तळपणे, जळणे आणि दुःख करणे असे अर्थ आहेत. निर्मळ, तेजस्वी या अर्थाचा 'शुचि' हा शब्दही त्याच मुळातला. म्हणजे शोक हा आतला दाह, आणि ज्याला हा दाह नाही तो अशोक.

हेच नाव एका वृक्षालाही आहे. वसंतात नारिंगी फुलांचे गुच्छ येणारा, आणि ती फुले पुढे लाल होत जाणारा सीता अशोक तो हाच. रामायणातील शोकमग्न सीता अशोकवनात राहिली, हा विरोधाभास कवींना नेहमीच खुणावत आला. सुंदर स्त्रीच्या पायाच्या स्पर्शाने अशोक फुलतो, हा संकेत कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या कथानकात येतो. या झाडाची साल आयुर्वेदात स्त्रियांच्या विकारांवर वापरली जाते. 'अशोकारिष्ट' तिच्यापासूनच बनते. शहरांत रस्त्याकडेला आणि सोसायट्यांच्या कुंपणालगत दिसणारे उंच, सरळसोट झाड मात्र हा अशोक नव्हे. त्याला खोटा अशोक किंवा आसुपालव म्हणतात.

व्यक्तिनाम म्हणून हा शब्द अजरामर झाला तो मौर्य सम्राटामुळे. 'अशोकावदान' या बौद्ध ग्रंथातील आख्यायिकेनुसार, पुत्रजन्मानंतर राणीला आपण शोकमुक्त झालो असे वाटले, म्हणून बाळाचे नाव अशोक ठेवण्यात आले. त्याच्या धाकट्या भावाचे नावही याच अर्थाचे होते : वीतशोक, म्हणजे ज्याचा शोक सरला आहे तो.

विशेष म्हणजे सम्राटाच्या बहुतेक शिलालेखांत हे नाव आढळत नाही. तेथे 'देवानंपिय' म्हणजे देवांना प्रिय आणि 'पियदसि' म्हणजे प्रेमळ दृष्टीचा, अशी बिरुदे आहेत. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा हा 'पियदसि' राजा कोण, असा प्रश्न उभा राहिला. श्रीलंकेतील पाली ग्रंथांच्या आधारे जॉर्ज टर्नर यांनी तो अशोक असल्याचे दाखवून दिले. पुढे १९१५ मध्ये कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात मस्की येथे सापडलेल्या शिलालेखात 'असोक' हे प्राकृत नावच कोरलेले मिळाले आणि त्या ओळखीवर शिक्कामोर्तब झाले. महाराष्ट्रातही नालासोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा अवशेष सापडला होता.

तेराव्या शिलालेखात मात्र नाव आणि आयुष्य यांतील अंतर ठळक होते. राज्याभिषेकानंतर आठव्या वर्षी कलिंग जिंकताना दीड लाख लोकांना देशोधडीला लावले गेले, एक लाख मारले गेले आणि त्याहून कितीतरी अधिक मरण पावले, असे राजा स्वतःच नोंदवतो. ज्याचे नाव 'शोक नसलेला', त्याने आपला पश्चात्ताप दगडावर कोरून ठेवला. त्यातही एक बाब लक्षणीय आहे. खुद्द कलिंगात, म्हणजे आजच्या ओडिशातील धौली आणि जौगड येथे, हा लेख कोरलेला नाही. त्याऐवजी तेथे स्वतंत्र आज्ञा असून, सर्व माणसे आपली लेकरे आहेत, असे राजा अधिकाऱ्यांना बजावतो. ज्या भूमीने घाव सोसले, तिला कत्तलीचे आकडे ऐकवणे त्याने टाळले, असा तर्क त्यावरून करता येतो.

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा त्याच्या मध्यभागी सारनाथच्या स्तंभावरील चोवीस आऱ्यांचे चक्र आले. त्याच स्तंभाचे सिंहशीर्ष २६ जानेवारी १९५० पासून राजमुद्रा झाले. शांतताकाळातील सर्वोच्च शौर्य पुरस्कारालाही 'अशोक चक्र' हेच नाव आहे.

मुलाचे नाव अशोक ठेवताना आईवडील त्याला दुःखापासून दूर ठेवण्याची इच्छा व्यक्त करतात. त्या सम्राटाच्या आयुष्याने या नावाला आणखी एक अर्थ जोडला. स्वतःच्या वाट्याला शोक न येणे एवढ्यापुरता तो मर्यादित राहिला नाही. आपल्यामुळे दुसऱ्याच्या वाट्याला शोक येऊ नये, ही जाणीवही आता त्यात सामावलेली आहे.