घरातील मुले आणि पाळीव प्राणी : सहवासाची व्यवस्था

ग्रामीण महाराष्ट्रातील कुटुंब हे केवळ माणसांचे कुटुंब नसते. ओसरीवर राखणीचे कुत्रे, चुलीपाशी मांजर, अंगणात कोंबड्या, गोठ्यात गाईबैल व शेळ्या आणि या सर्वांमधून दिवसभर वावरणारी मुले, असे त्याचे स्वरूप असते. श्रीदत्तात्रेयांच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे. हा सहवास इतका जुना आहे की, त्याची काही व्यवस्था लावावी लागते याचा सहसा विचारच होत नाही. व्यवस्था नसली की तिची झळ मात्र प्रथम मुलांना पोहोचते. मनुष्याला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रसंगी तो कुत्र्यापासून होतो आणि संशयित प्राण्याने चावा घेतलेल्या व्यक्तींपैकी ४० टक्के व्यक्ती १५ वर्षांखालील असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

चावणारे कुत्रे नेहमीच भटके किंवा अनोळखी असते असे नाही. घरचे, शेजारचे, रोज पोळी खाणारे कुत्रेही चावते. बहुधा ते खात असताना, झोपलेले असताना, आजारी असताना किंवा पिलांजवळ बसलेले असताना हा प्रकार घडतो. मूल त्याच्या गळ्यात हात घालते, शेपूट ओढते, तोंडातील हाडूक काढू पाहते. कुत्रे आधी मान फिरवते, जीभ ओठांवरून फिरवते, झोप आलेली नसताना जांभई देते, अंग ताठ करते आणि मग गुरगुरते. मोठ्या माणसाला हा इशारा समजतो. चार वर्षांच्या मुलाला समजत नाही. दात विचकलेले कुत्रे हसत आहे, असाही लहान मुलांचा समज होतो. मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाइतकीच असल्यामुळे जखम चेहऱ्यावर किंवा मानेवर होते आणि मेंदूजवळची जखम रेबीजच्या दृष्टीने अधिक धोक्याची असते. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चुकीची आहे. मार खाल्लेले कुत्रे गुरगुरणे सोडते, चावणे सोडत नाही.

जागा आणि वेळ

उपाय खर्चाचे नाहीत. कुत्र्याचे जेवण मुलांच्या वाटेपासून दूर, ठरलेल्या जागी व ठरलेल्या वेळी द्यावे. त्याच्या निजण्याच्या जागी मुलांनी जाऊ नये. पाच-सहा वर्षांखालील मुलाला कुत्र्याजवळ एकटे सोडू नये, मग ते कितीही गरीब असो. याउलट, त्रास नको म्हणून कुत्र्याला दिवसरात्र साखळीला बांधून ठेवणे हाही उपाय नव्हे. बांधलेल्या कुत्र्याला दूर जाता येत नाही, म्हणून ते अंगावर येते. शिवाय कुत्र्याला सतत बांधून वा कोंडून ठेवणे ही प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाप्रमाणे क्रूरता ठरते.

कुत्र्याचे इतर प्राण्यांशी कसे जमेल, हे बऱ्याच अंशी त्याच्या वयावर अवलंबून असते. जन्मानंतरच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिलू ज्यांच्यात वाढते, त्यांना ते आपले मानू लागते. मेंढपाळांची कुत्री कळपातच वाढतात, हे यामागील व्यावहारिक शहाणपण होय. मोठेपणी आणलेल्या कुत्र्यास मात्र कोंबड्यांची व मांजराची ओळख दोरी हातात धरून, अनेक दिवस, हळूहळू करून द्यावी लागते. मांजराला उंचावर एखादी फळी वा माळ्याची वाट मोकळी ठेवली, तर निम्मी भांडणे होतच नाहीत. पिंजऱ्यातील पोपटाचा प्रश्न तर निराळाच आहे. देशी पोपट पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, ही गोष्ट अनेक सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते.

लपविलेला चावा

सर्वांत गंभीर प्रश्न मुलांच्या मौनाचा आहे. पिलाशी खेळू नको असे बजावलेले असते. त्यामुळे ओरखडा निघाला तर मूल तो सांगत नाही. सांगितले तरी, घरचेच पिलू आहे, रक्त आले नाही, म्हणून घरातील माणसे दुर्लक्ष करतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर तो रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. लक्षणांपूर्वी वेळेवर व पूर्ण उपचार घेतले, तर मात्र तो टाळता येतो. म्हणून चावा सांगणाऱ्या मुलाला शिक्षा होणार नाही, ही हमी घराने आणि शाळेने दिली पाहिजे.

जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना लावू नये. त्यानंतर विनाविलंब आरोग्य केंद्रात जावे. रक्त न येता उठलेल्या ओरखड्यालाही लस लागते. त्वचा भेदून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत व तिच्याभोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. मांजराच्या चाव्यालाही हेच लागू आहे. पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून जुन्या माणसांच्या मनात आहे. ती जुनी लस भारतात २००४ नंतर वापरात राहिलेली नाही. आता त्वचेत द्यावयाची लस चावा घेतल्यानंतर प्रथम भेटीच्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दंडावर देतात. कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण त्यासाठी उपचार थांबवू नयेत. चावल्याबरोबर कुत्र्याला ठार मारणाऱ्यांच्या हातून हे निरीक्षणाचे साधनही जाते.

कृमींचा धोका

चाव्याइतका दिसत नाही, असा दुसरा धोका जंतांचा आहे. मेंढ्या-बकऱ्या कापल्यानंतर गाठी असलेले यकृत वा फुप्फुस कच्चेच कुत्र्याला टाकले जाते. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात अवघा काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेवाटे अंगणात व केसांवर पसरतात, मुलांच्या हातांवाटे पोटात जातात आणि यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ तयार होते. ही गाठ वर्षानुवर्षे वाढते, आणि पुष्कळदा ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. हे टाकाऊ अवयव खोल पुरणे, कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक देणे आणि जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुणे, एवढ्याने ही साखळी तुटते.

कुत्र्याच्या पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढे दरवर्षी पुन्हा द्यावी. तथापि एका घराने लस टोचून घेतल्याने गल्ली सुरक्षित होत नाही. गावातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तरच रोगाचा प्रसार खुंटतो. बेवारस कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. केंद्र शासनाने २०२१ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजच्या निर्मूलनासाठी २०३० हे वर्ष ठरविले आहे. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने कुत्र्यांची गणना करून शाळेच्या पटांगणात शिबिर घेतले, तर मुलेच आपापली कुत्री घेऊन येतील. अशी शिबिरे बहुधा २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास भरतात. तो दिवस सुगीच्या तोंडावर येतो. राखणीची कुत्री तेव्हा दिवसभर धन्याबरोबर शेतावर असतात, म्हणून शिबिराची वेळ सकाळी सातपूर्वीची ठेवणे सोयीचे.