पडद्यावरचें चित्र आणि कागदावरचें चित्र

लग्नकार्य आटोपून कांहीं दिवस लोटले, कीं छायाचित्रकाराकडून मोबाइलवर एक लिंक येते. तींतील शेंकडों चित्रांतून हवीं तीं निवडून कळवावीं, एवढीच त्याची विनंती असते. तरुण मंडळी तें काम बसल्या जागीं उरकतात. घरांतले आजोबा मात्र चष्मा पुशीत विचारतात, "हीं कागदावर केव्हां पाहावयास मिळणार?" हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

पडदा स्वतः प्रकाश देतो. कागद बाहेरून पडलेला प्रकाश परत फेकतो. म्हणून मोबाइलवर झगझगीत दिसलेला शालू दिवाणखान्यांतील दिव्याखालीं, कागदावर, काळवंडलेला वाटतो. त्यांत प्रत्येकाच्या पडद्याचा उजेड निराळा. तेव्हां छायाचित्रकार व गिऱ्हाईक एकच चित्र पाहत आहेत, ही समजूत बहुधा खोटीच ठरते.

आकाराचा घोटाळा याहून मोठा. पुष्कळशा चांगल्या कॅमेऱ्यांतील चित्राच्या लांबीरुंदीचें प्रमाण ३:२ असतें. ६ x ४ इंची कागदावर तें नेमकें बसतें. परंतु १० x ८ इंची कागद पुरता भरावयाचा, तर चित्र १२ x ८ इंच करावें लागतें आणि लांबींतले २ इंच कापले जातात. समूहचित्रांत हे दोन इंच म्हणजे दोन्ही टोकांस उभ्या असलेल्या आत्याबाई आणि मामा! पडद्यावर दोघेंही शाबूत असल्यानें निवडतांना कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अल्बम हातीं आल्यावर रुसवेफुगवे सुरू होतात.

फिल्मच्या काळीं ३६ चित्रांच्या पट्ट्या एकाच कागदावर छापून देत, व गिऱ्हाईक भिंगांतून पाहून खुणा करी. तीच रीत आजही चालते. एका पानावर वीसेक लहान चित्रें व प्रत्येकाखालीं फाइलीचा क्रमांक छापावा. त्यांतून निवडलेल्यांचेच ६ x ४ इंची नमुने काढावेत. सगळ्यांचे काढणें ही उधळपट्टीच होय. इंचास ३०० ठिपके धरल्यास अशा नमुन्यास १८०० x १२०० ठिपके पुरतात; मात्र छपाई मूळ फाइलीवरूनच व्हावी. संदेशांतून फिरत आलेलें चित्र बहुधा आकसलेलें असतें. नक्कल होऊं नये म्हणून 'नमुना' हा शिक्का मारण्यांत गैर कांहीं नाहीं, पण तो वधूच्या चेहऱ्यावर कशाला?

मोठ्या चित्रावर कात्री कोठें चालेल, ती रेघ नमुन्यावरच आंखून मागावी. मग तो नमुना दिवसा खिडकीपाशीं आणि रात्रीं, जेथें चित्र टांगावयाचें त्या भिंतीजवळ, धरून पाहावा. काळोखी वाटली तर तसें अल्बम छापावयास जाण्यापूर्वींच कळवावें.