पेटंटपत्रें साधनें म्हणून कशीं वाचावीं

सनदा, इनामपत्रें व महजर जिवापाड जपणारे संग्राहकहि यंत्रांचीं जुनीं पेटंटपत्रें हातीं आलीं म्हणजे आकृतीचें तेवढें पान ठेवून बाकीचीं पानें रद्दींत टाकतात. आमच्या मतें ही मोठी चूक आहे. पेटंट हीहि एक सनदच होय. सरकार ठराविक मुदतीपुरता एकट्याचा हक्क देतें व त्याच्या मोबदल्यांत शोधकास आपली युक्ति सर्वांपुढें उघड लिहून द्यावी लागते. अखेरीस ज्या हक्कमागण्या असतात त्या इनामपत्रांतील चतुःसीमेच्या जागीं समजाव्या. हक्क कोठवर चालतो तें त्यांवरून ठरतें, आकृतीवरून नव्हे. दोन उदाहरणांनीं हें स्पष्ट होईल.

पहिलें टेलिफोनच्या संकेतांचें. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें प्रेतसंस्काराचा धंदा करणारा आल्मन स्ट्रोजर यानें १२ मार्च १८८९ रोजीं अर्ज केला. त्यास १० मार्च १८९१ रोजीं ४,४७,९१८ क्रमांकाचें पेटंट मिळालें. टेलिफोन-कचेरींतील बाई त्याचीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्यास जोडून देई, म्हणून चिडून त्यानें हें यंत्र काढलें, अशी आख्यायिका आहे. ही झाली बखर. अस्सल कागदांत उद्देश इतकाच दिला आहे कीं, मध्यवर्ती कचेरींतील माणसाच्या मदतीवांचून एका ठिकाणच्या इसमास दुसऱ्या कोणत्याहि ठिकाणाशीं जोडून घेतां यावें. ग्राहकानें कळ दाबून विजेचे ठोके पाठवावे व त्यांच्या संख्येप्रमाणें कचेरींतील दांडा विद्युच्चुंबकानें पायरी-पायरीनें सरकून इष्ट तारेशीं भिडावा, अशी ती योजना होती. फिरवावयाची चकती मागाहून आली. ३ नोव्हेंबर १८९२ रोजीं इंडियाना प्रांतांत ला पोर्ट येथें अशी पहिली कचेरी सुरू झाली.

दुसरें उदाहरण जुगाराच्या यंत्राचें. इंगे टेल्नेस यानें २४ फेब्रुवारी १९८२ रोजीं अर्ज करून १५ मे १९८४ रोजीं ४४,४८,४१९ क्रमांकाचें पेटंट मिळविलें. बक्षीस मोठें ठेवावयाचें तर तें लागण्याचा संभव कमी हवा. त्यासाठीं चक्रें वाढवावीं किंवा मोठीं करावीं, तर गिऱ्हाईक बिचकतें. टेल्नेसनें चक्रें होतीं तशींच ठेविलीं व निवड इलेक्ट्रॉनिक गणकाकडे सोंपविली. समजा, प्रत्येक चक्रास २२ थांबे असून मोठ्या बक्षिसाचें चिन्ह एकाच थांब्यावर आहे. अशा तीन चक्रांवर डोळ्यांस संभव दिसतो १०,६४८ त एक. पण गणक ६४ अंकांतून एक निवडीत असेल, बक्षिसाच्या थांब्यास एकच अंक व रिकाम्या थांब्यांस अनेक अंक दिले असतील, तर खरा संभव २,६२,१४४ त एक उरतो. कायद्याच्या मर्यादेंत राहून, यंत्र देतें त्याहून अधिक संधि देतें असें खेळणाऱ्यास भासणें महत्त्वाचें आहे, हा हेतु त्या कागदांत निःसंकोचपणें नमूद आहे. खेळणाऱ्यापासून जें झांकलेलें होतें, तें सरकारी दप्तरांत १९८४ पासून उघडें होतें!

चतुःसीमेचा वादहि पुढें झालाच. एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या यंत्रांत एकेका अंकाऐवजीं अंकांचे संयोग थांब्यांस नेमले होते. १९९९ सालीं अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानें निर्णय दिला कीं, शब्दशः पाहतां अतिक्रमण नाहीं, परंतु युक्ति समतुल्य असल्यामुळें अतिक्रमण आहे. सर्व भिस्त मागणींतील शब्दांवर होती. आकृतीचें पान तेवढें जपणाऱ्यास या वादाचें मूळहि सांपडणार नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, अर्जाची व मंजुरीची अशा दोन्ही तारखा टिपाव्या, हेतूचा परिच्छेद वाचावा आणि मागण्यांचें शेवटचें पान कधींहि टाकूं नये. यंत्रें मोडीत जातात. त्यांच्या पोटांत काय होतें याची साक्ष तेवढें तें पान देतें.